कॉलेजात सामाजिक विषयावर पहिला कार्यक्रम घेताय? आधी हे वाचा

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘समता’, ‘अस्मिता’, ‘संवाद’ हे शब्द वर्षातून चार-सहा वेळा तरी झळकतात. खाली कार्यक्रमपत्रिका ठरलेली असते: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मार्गदर्शन, आभार. दोन तास होतात. ज्यांच्याविषयी हे सगळं चाललंय ती माणसं बहुतेक वेळा हॉलमध्ये नसतातच, आणि असली तर शेवटी उठून ‘दोन शब्द’ बोलतात. त्या दोन शब्दांना तास-दीड तास कसा मिळवून द्यायचा, एवढ्यापुरता हा लेख आहे.

मी कॉलेजात एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, काम पाहतो. तुमचा अर्ज ज्याच्या टेबलावर येऊन पडतो तो माणूस मीच, असं समजा. लिहितोय ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी, त्यातही लातूर, नंदुरबार, यवतमाळकडून येऊन इथे होस्टेलला किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्यांसाठी. इथल्याच शाळांतून आलेल्यांना हॉल कसा मिळतो, कुणाला फोन करायचा, हे घरातूनच ठाऊक असतं. तुम्हाला ते कुणी सांगत नाही.

विषय मुठीत मावेल एवढा घ्या

‘सामाजिक न्याय’ हा कार्यक्रमाचा विषय होत नाही. तो पेपरचा विषय आहे, सत्तर मार्कांचा. कार्यक्रमाला प्रश्न लागतो. रूम शोधताना एजंट आधी आडनाव का विचारतो? मेसमध्ये अंडं का चालत नाही? आपल्या मजल्यावर व्हीलचेअर येऊच शकत नाही हे आपल्या लक्षात तरी आलंय का? सोसायटीतला कचरा नेणाऱ्या मावशींचं नाव काय? यातला एक उचला. एकच. दुसरा पुढच्या वर्षी.

पहिलाच प्रयत्न असेल तर माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: बोलींची बैठक. खर्च जवळजवळ शून्य, पाहुणा नको, आणि वर्गातल्या वर्गात कोण कुठून आलंय हे पहिल्यांदा ऐकू येतं. दहा-बारा जण, प्रत्येकी पाच मिनिटं, प्रत्येकाने आपल्या घरात बोलतात तसंच बोलायचं. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, गोरमाटी, वडारी, कैकाडी, जे असेल ते. विषय ‘माझी संस्कृती’ असा देऊ नका, नाहीतर सगळे निबंध वाचायला लागतील. ‘घरात भांडण झालं की आई काय म्हणते’ असा द्या. पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यात ‘कुठनं आलास रे?’ ऐकून जी मुलं गप्प झालेली असतात, ती अशा वेळी अशी काही खुलतात की बाकीच्यांना त्यांची ओळखच नव्याने होते. नियम एकच: कुणी बोलत असताना शब्दाचा अर्थ विचारायचा नाही. तो नंतर, चहाच्या वेळी.

तारीख हुशारीने निवडा

तुम्हाला सोयीची तारीख शोधण्यापेक्षा कॉलेजला गरज असलेली तारीख शोधा. कॉलेजला वर्षातून काही दिवस कार्यक्रम करून अहवाल पाठवावाच लागतो, आणि त्या दिवशी काय करायचं हे बहुतेकांना सुचलेलं नसतं. तिथे तुम्ही तयार योजना घेऊन गेलात तर परवानगी अर्धी मिळालीच.

माझी सगळ्यात आवडती तारीख २४ सप्टेंबर. १८७३ साली याच दिवशी जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. १९३२ साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. आणि १९६९ साली एनएसएस सुरू झाली तीही २४ सप्टेंबरलाच, त्यामुळे प्रत्येक युनिटला त्या दिवशी काहीतरी करायचंच असतं. तीन निमित्तं एका दिवशी, अर्जात तिन्ही लिहा. त्यानंतर २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ डिसेंबरचा अपंग दिन आणि ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती. २६ जूनला शाहू महाराजांची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून होते खरी, पण तेव्हा ॲडमिशनची धांदल असते, पोरं मिळत नाहीत.

टाळायचं काय तेही सांगतो. गणपतीचे दहा दिवस सोडा, ढोल पथकातली मुलं तर आधीचा महिनाभरही हाती लागत नाहीत. पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, फेऱ्या चालू असताना नाटकवाल्यांना हात लावू नका, फिरोदिया करंडक या दुसऱ्या स्पर्धेच्या वेळीही नाही. सबमिशनचा आठवडा तर नाहीच.

परवानगी: लपवू नका, पण नीट लिहा

अर्ज प्राचार्यांच्या नावे, मार्फत तुमचे विभागप्रमुख किंवा एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी. दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण ‘अर्ज आलाच नाही’ या वाक्याला तेवढंच एक उत्तर आहे.

ऑफिसात हमखास विचारतात, “राजकीय नाही ना?” यावर वाद घालत बसू नका आणि ‘नाही हो, नुसतं मनोरंजन आहे’ असंही सांगू नका. अर्जात पाच गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असल्या की तो प्रश्न आपोआप विरतो: कोण बोलणार, कशावर बोलणार, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, किती विद्यार्थी, खर्च कोण करणार. उदाहरणार्थ:

‘दि. २४ सप्टेंबर रोजी दुपारी २ ते ४ या वेळेत सेमिनार हॉलमध्ये कचरावेचक कामगारांशी विद्यार्थ्यांचा संवाद आयोजित करण्याची परवानगी मिळावी. वक्त्या: दोन, संस्थेचं पत्र सोबत जोडलं आहे. अपेक्षित विद्यार्थी ६०. मानधन व प्रवासखर्च कला मंडळाच्या निधीतून. समन्वयक शिक्षक: …’

बस. ‘क्रांतिकारी’, ‘जळजळीत वास्तव’ असले शब्द पोस्टरवरही नकोत, अर्जात तर मुळीच नकोत. त्यांनी विषय वाढत नाही, फक्त ऑफिसातल्या माणसाचा रक्तदाब वाढतो.

नाटक किंवा पथनाट्य असेल तर संहिता जोडा. त्यात देव, धर्म, महापुरुष, जात यांवर चिमटा असेल तर प्राचार्यांसमोर ती जागा स्वतः वाचून दाखवा. पुण्यात कॉलेजच्या नाटकांवरून गोंधळ झालेले आहेत, पोलीस केसपर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. अशा वेळी ज्यांना संहिता आधी माहीत असते ते तुमच्या बाजूला उभे राहू शकतात. ज्यांना अंधारात ठेवलं ते राहणार नाहीत, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसते. मात्र वाचून दाखवणं वेगळं आणि प्रत्येक ओळ गाळून घेणं वेगळं. ‘हे का आहे’ याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ती ओळ राहते, असं मी अनेकदा पाहिलंय.

आवाराबाहेर, फर्ग्युसन रस्त्यावर किंवा एखाद्या चौकात पथनाट्य करायचं तर हद्दीतल्या पोलीस ठाण्याला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्यावं लागतं. बाहेरच्या नाट्यगृहात जाहीर प्रयोग लावायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका. हॉल बरा.

माणसं कशी बोलवायची

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक जण ते एका फोनवर उरकतात.

एकट्या माणसाला रस्त्यात गाठून ‘आमच्या कॉलेजात या ना’ म्हणू नका. संघटनेमार्फत जा. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून पुण्यात आहे, ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था तिच्यातूनच उभी राहिली. हमालांची हमाल पंचायत बाबा आढावांनी उभी केली. लैंगिक अल्पसंख्याकांसाठी समपथिक ट्रस्ट २००२ साली पुण्यात सुरू झाला. संघटनेतून आलेल्या माणसाला आपण कुणाच्या वतीने बोलतोय हे माहीत असतं, काय बोलायचं नाही हेही माहीत असतं, आणि तुमच्याकडून काही वेडंवाकडं झालं तर त्यांच्या मागे कुणीतरी उभं असतं.

फोनवर ठरवू नका, भेटायला जा. त्यांच्या वेळेला. घरोघरचा कचरा सकाळी उचलतात, म्हणजे मावशींना सकाळी अकराचा कार्यक्रम ठेवून काय उपयोग? दुपारी दोननंतरचा ठेवा. मार्केट यार्डातल्या हमालाची वेळ वेगळी, घरकाम करणाऱ्या ताईंची त्याहून वेगळी. तुमच्या टाइमटेबलमध्ये बसत नसेल तर टाइमटेबल हलवा, शनिवार कशासाठी असतो?

भेटीत तीन गोष्टी बोलून घ्या.

पैसे. त्या दिवसाचा बुडालेला रोज, येण्याजाण्याचं भाडं, आणि वर मानधन. प्राध्यापक पाहुण्याला जेवढं पाकीट देता तेवढंच, कमी नाही. बजेट नसेल तर फ्लेक्स कापा, शाल-श्रीफळ कापा, बुके तर आधी कापा. पैसे कार्यक्रमाआधी बाजूला नेऊन द्या. स्टेजवर सगळ्यांदेखत पाकीट देऊन फोटो काढायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही.

बोलण्याचा विषय. ‘तुमच्या संघर्षाची कहाणी सांगा’ हे सोडून काहीही विचारा. माणूस स्वतःच्या कामात तरबेज असतो, त्याला ते विचारा. प्लास्टिक हाताने चाचपून कसं ओळखता? कुठल्या सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत? भाव कोण ठरवतं? दुःख सांगायचं की नाही हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसेल तर काय खूण करायची, तेही आधी ठरवा.

आणि साध्या सोयी. गेटवर वॉचमन अडवेल का? त्याला नावं आधी देऊन ठेवा, आणि न्यायला एक जण उभा करा. तृतीयपंथी पाहुणे येणार असतील तर ते कुठलं स्वच्छतागृह वापरतील, हे त्यांनाच विचारून त्या दिवशीची सोय लावा. सूत्रसंचालन करणाऱ्याने ‘ते आले’ म्हणायचं की ‘त्या आल्या’, हेही आधी विचारायचं. मराठीत क्रियापदालाही लिंग असतं, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. व्हीलचेअरवरचे पाहुणे असतील तर स्टेजच्या पायऱ्या मोजत बसू नका, कार्यक्रमच खाली जमिनीवर घ्या.

एक छोटी सूचना, जी मी दरवर्षी देतो आणि दरवर्षी कुणीतरी विसरतं: नोंदणीच्या कागदावर आडनावाचा रकाना ठेवू नका. नाव आणि वर्ग पुरे. स्वयंसेवकांची ओळख करून देतानाही पहिलंच नाव. पुण्यात आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात पुढचा सगळा हिशोब करून मोकळे होतात. दोन तास तो हिशोब बंद ठेवला तर बिघडत नाही.

काय सादर करायचं

संवादाच्या आधी अर्धा तास काहीतरी सादर झालेलं बरं, हॉल गरम होतो. पण अर्धाच तास.

अभिवाचन सगळ्यात सोपं. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला होता. दोन मुली, दोन स्टँड माईक, मागे काही नको. भाषा जुनी आहे म्हणून घाबरू नका, चार वेळा मोठ्याने वाचली की जिभेवर बसते. शिवाय इतक्या जुन्या लेखनाला परवानगीची कटकट नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन अजून त्यात येतं. कॉलेजच्याच कार्यक्रमात, कॉलेजच्याच प्रेक्षकांसमोर विद्यार्थ्यांनी सादर केलं तर कायद्यात सवलत आहे. तिकीट लावलं किंवा यूट्यूबवर टाकलं की ती सवलत विसरा.

जलसा, म्हणजे गाण्यांतून-संवादांतून प्रबोधन, करायचा तर वाजवणारा आधी शोधा. सत्यशोधकी जलसा तमाशाच्या बाजातून आला, आंबेडकरी जलशाने तो पुढे नेला. तिथे डफ-हलगीशिवाय मजा नाही आणि रेकॉर्डेड ट्रॅकवर तर तो ऐकवत नाही. तुमच्या होस्टेलमध्ये हलगी येणारा एक तरी असतोच, फक्त तो इथे सांगत नाही.

माणसांना ‘पुस्तक’ म्हणून अर्ध्या तासासाठी वाचायला देण्याचा, म्हणजे त्यांच्यासमोर बसून त्यांचा अनुभव ऐकण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा, प्रकार सध्या बऱ्याच ठिकाणी होतो. तो २००० साली कोपनहेगनमध्ये सुरू झाला, आणि ‘ह्युमन लायब्ररी’ हे नाव त्या संस्थेचं आहे. कल्पना घ्या, नाव आपलं ठेवा. एका ‘पुस्तका’समोर चार-पाचच वाचक बसवा, नाहीतर त्याचं पुन्हा भाषण होतं. फिल्म दाखवायची तर दिग्दर्शकाला विचारून, आणि जमलं तर त्यालाच बोलावून. एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट लॉ कॉलेज रस्त्यावरच आहे, पण तिथल्या डिप्लोमा फिल्मचे हक्क संस्थेकडे असतात, मित्राच्या पेनड्राइव्हवर नाही.

हॉल मिळालाच नाही तर चालत निघा. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा आहे. १ जानेवारी १८४८ला मुलींची शाळा सुरू झाली ती इथे. जुना वाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला, त्यामुळे वाडा बघायला मिळेल अशा समजुतीने पोरांना नेऊ नका. तिथून पेठांमधून चालत गंज पेठेतल्या फुले वाड्यात जा. जोतीरावांची समाधी तिथे आहे, आणि १८६८ साली त्यांनी घरातला हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला ती हकिकत तिथेच, आवारात उभं राहून सांगा. वीस जणांपेक्षा जास्त नेऊ नका. रविवारी सकाळी आठला निघा. नंतर लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येणार नाही.

हॉलमध्ये

खुर्च्या गोलात किंवा अर्धवर्तुळात. स्टेज रिकामं. प्राचार्य पाच मिनिटं बोलतील, ते सुरुवातीलाच उरकून घ्या. दीपप्रज्वलनाऐवजी संविधानाची उद्देशिका वाचली तर कुणी नाही म्हणत नाही. दोन कॉर्डलेस माईक, दोघांचे सेल नवे. चहा-नाश्ता हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मधून मागवला तर पैसेही योग्य ठिकाणी जातात आणि झुणका-भाकरीला समोशापेक्षा लवकर हात लागतो.

प्रश्न चिठ्ठीवर घ्या. हात वर करून विचारायला तेच चार जण असतात, वादविवाद मंडळातले, आणि त्यांचा प्रश्न तीन मिनिटांचा असतो. चिठ्ठ्या दोघांनी चाळायच्या: सारखे प्रश्न एकत्र करायचे, अपमान करणारे बाजूला ठेवायचे. पण अवघड म्हणून काढून टाकू नका. आमच्याकडे एकदा चिठ्ठी आली, ‘तुम्हाला वास येत नाही का?’ चाळणारी मुलगी ती खिशात घालत होती. मावशींनी विचारलं, “काय लिहिलंय ग?” तिने चाचरत वाचली. मावशी म्हणाल्या, “येतो की. तुमच्याच घरातला असतो तो.” सगळा हॉल हसला, आणि त्यानंतर ओला-सुका वेगळा का करायचा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून का द्यायचे, यावर अर्धा तास जे बोलणं झालं ते कुठल्याही पर्यावरणाच्या तासाला होत नाही.

फोटोसाठी पाहुण्यांना आणि बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी विचारा. स्वतःच्या जातीबद्दल किंवा लैंगिक ओळखीबद्दल कुणी पहिल्यांदाच बोलत असेल तर रेकॉर्डिंग बंद, मोबाइल पिशवीत. हे सुरुवातीला जाहीर सांगा आणि एका स्वयंसेवकाला त्याच कामावर ठेवा. कुणाला भरून आलं तर माईकवर सांत्वन करू नका. दाराजवळ एक जण बसवा, बरोबर बाहेर जाणारा. कॉलेजच्या समुपदेशकांचा आणि अंतर्गत तक्रार समितीचा नंबर त्याच्याकडे असू द्या. अशा कार्यक्रमांत कधीकधी जुनी तक्रार पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडते.

कुणी मध्येच उठून आरडाओरडा केला तर माईकवरून उत्तर देऊ नका. समन्वयक शिक्षकाने त्याच्यापर्यंत चालत जायचं, प्रश्न लिहून द्यायला सांगायचं. बाहेरची मंडळी घुसली तर आधी पाहुण्यांना मागच्या दाराने स्टाफरूममध्ये न्या. कार्यक्रम नंतरही होतो.

संपल्यावर

पाहुण्यांना रिक्षात बसवून द्या. दुसऱ्या दिवशी फोन करा, ‘काही खटकलं का?’ एवढं विचारायला. बिलं आठवडाभरात अकाउंट्सला द्या. रिक्षाची पावती मिळत नाही, तेव्हा साध्या कागदावर व्हाउचर करून सही घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण आधी विचारा, बहुतेकांना येते.

अहवाल एक पानाचा पुरे. त्याच्यासोबत फाइलमध्ये अर्जाची शिक्का मारलेली प्रत, संघटनेच्या कार्यालयाचा नंबर, खर्चाचा कागद आणि वाचायच्या राहिलेल्या चिठ्ठ्या लावा. पुढच्या वर्षीचा विषय त्या चिठ्ठ्यांतच सापडतो. फाइलची एक प्रत ज्युनिअरकडे द्या. कार्यक्रम अधिकारी दर काही वर्षांनी बदलतो, आणि नवा आलेला माणूस पहिल्याच भेटीत विचारणार आहे, “याआधी असं काही झालंय का आपल्याकडे?”